दर बुधवारी सात ते साडेआठ

रिटायर झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत मी गॅरेज चारदा आवरलं आणि स्वयंपाकघरातल्या झाडून सगळ्या डब्यांवर जाड मार्करने लेबलं लावली. एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण एका सकाळी मी हिला डिशवॉशरमध्ये ताटल्या कशा लावायच्या ते समजावून सांगितलं. अमेरिकेत आल्यापासून तीस वर्षं त्या ताटल्या हीच लावते आहे.

त्याच रविवारी मुलगी एक पत्रक घेऊन आली. इथल्या कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे गावातल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजची, व्याख्यानमाला, विषय 'आजन्म शिक्षण आणि स्वास्थ्य', दर बुधवारी संध्याकाळी सात ते साडेआठ, प्रवेश मोफत.

"बाबा, तुमच्यासाठीच आहे हे."

"जा हो," ही म्हणाली. "नक्की जा. एकही चुकवू नका." तिच्या आवाजातली कळकळ मला तेव्हा प्रेमाची वाटली.

फुकट गोष्टीची खरी अडचण अशी की ती नाकारायला कारणच उरत नाही. पैसे पडणार असते तर 'एवढे कशाला घालवायचे' म्हणून मी सुटलो असतो. इथे परीक्षा नाही, क्रेडिट नाही, गृहपाठ नाही, वयाची अट नाही. पळवाटा बंद करण्यात हे कॉलेज फार तयारीचं निघालं.

पहिल्या बुधवारी वर्गात आम्ही सातजण होतो. व्याख्यानमाला चालवणाऱ्या बाई हिरमुसल्या असाव्यात, पण तसं न दाखवता त्यांनी कम्युनिटी कॉलेजचा इतिहास काढला. देशातलं सगळ्यात जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटचं. ते १९०१ साली निघालं तेव्हा तिथे सहा विद्यार्थी होते. मग १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आयोगाने सांगितलं की अशी कॉलेजं जागोजागी हवीत आणि गावातल्या मोठ्या माणसांनाही त्यांची दारं उघडी हवीत. म्हणजे माझ्या बुधवार संध्याकाळची व्यवस्था ट्रुमनसाहेबांनी माझ्या जन्माआधीच करून ठेवली होती. आणि आम्ही जोलिएटपेक्षा एकाने जास्तच भरत होतो.

पण दारं मोठ्या माणसांना उघडी केली तरी खुर्च्या एकोणीस वर्षांच्या पोरांच्याच ठेवल्या आहेत. उजव्या हाताला लिहायची फळी जोडलेली ती खुर्ची तुम्ही पाहिली असेल. तीत बसायचं म्हणजे आधी पोट आत, मग स्वतः आत, मग फळी खाली. श्वास सोडला की फळी वर. दीर्घश्वसनाच्या व्याख्यानाला माझी फळी दर चार सेकंदांनी खाडखाड वाजत होती. बाई दोनदा म्हणाल्या, "सावकाश, सावकाश."

तिसऱ्या बुधवारी बेदाणा आला. सजगतेचं, म्हणजे माइंडफुलनेसचं, व्याख्यान होतं. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी ताण कमी करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यातला हा प्रसिद्ध प्रयोग. प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवतात. तो जन्मात पहिल्यांदा पाहतोय असा पाहायचा, बोटांत फिरवायचा, हुंगायचा, कानाशीसुद्धा न्यायचा, आणि बऱ्याच वेळाने जिभेवर ठेवायचा. माझ्या उजव्या तळहातावर कुणीही काही ठेवलं की ते तोंडात टाकून हात डोक्यावरून फिरवायचा, हे मला वयाच्या तिसऱ्या वर्षापासून शिकवलेलं आहे. "अजून खायचा नाही हं," असं बाई म्हणाल्या तेव्हा बेदाणा अन्ननलिकेत होता आणि माझा हात शेंडीच्या जागेवर.

दुसरा मागायची लाज वाटली. पुढची पाच मिनिटं मी रिकामा तळहात न्याहाळला. त्यावरच्या सुरकुत्या बघितल्या. हात कानाशी नेला. शेजारच्या आजींनी माझी ती एकाग्रता पाहून आपला बेदाणा डोळ्यांच्या आणखी जवळ घेतला. प्रयोग संपल्यावर आपला अनुभव सांगायचा होता. "मला त्याच्या नसण्याची जाणीव झाली," असं मी म्हणालो. बाईंचे डोळे पाणावले. त्या सत्रातला मी बहुधा सर्वांत पुढे गेलेला साधक ठरलो.

पाहुणे व्याख्याते दर आठवड्याला बदलत आणि मागच्याने काय सांगितलं ते पुढच्याला ठाऊक नसे. एकाने सांगितलं, कुठलीही सवय एकवीस दिवसांत लागते. मी सकाळी फिरायला जाऊ लागलो. एकोणीस दिवस झाले. आता दोनच दिवस, मग पाय आपोआप चालू लागतील, अशा आनंदात वर्गात जाऊन बसलो, तर नव्या व्याख्यात्यांनी त्या एकवीस दिवसांची कुळकथा काढली. म्हणे, मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला माणसाला निदान एकवीस दिवस तरी लागतात, असं त्यांनी १९६० च्या सुमारास लिहिलं. पुढे लोकांनी चेहरा गाळला, 'निदान' गाळलं आणि एकवीस तेवढे ठेवले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शहाण्णव लोकांवर खरोखरच अभ्यास झाला, तेव्हा सवय मुरायला सरासरी सहासष्ट दिवस लागतात असं दिसलं. कुणाला अठरा, तर कुणाला दोनशे चोपन्न.

हे दोनशे चोपन्नवाले गृहस्थ मला मनापासून जवळचे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला गेलो नाही. नवं नाक बसवून घेणं सोपं, असं माझं मत झालं आहे.

प्रश्नोत्तरांबद्दल फार लिहीत नाही. आमच्यात एक गृहस्थ आहेत. "माझा प्रश्न नाही, थोडंसं सांगायचंय," अशी त्यांची सुरुवात असते आणि शेवट इमारतीचा रखवालदार करतो.

घरी आल्यावर हिचा प्रश्न ठरलेला, "आज काय शिकवलं?" एकदा विषय स्मरणशक्तीचा होता. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ केली आणि स्वतःच विसरून पाहिली, असं १८८५ सालचं संशोधन. पाठ केलेल्यातलं दोन-तृतीयांश एका दिवसात पुसलं जातं, असा त्याचा हिशेब. दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना मला व्याख्यानातल्या सहा मुद्द्यांपैकी बरोबर दोन आठवले. शास्त्राशी हा मेळ बसल्याचं मी हिला अभिमानाने सांगितलं.

"त्याच्यासाठी जर्मनीपर्यंत कशाला जायचं?" ही म्हणाली. "दूध आणायला पाठवलं की कळतंच."

गेल्या बुधवारी नातेसंबंधांवर व्याख्यान होतं. हार्वर्डमध्ये १९३८ पासून एक अभ्यास चालू आहे. तरुण मुलांपासून सुरू झाला आणि त्यांच्या म्हातारपणापर्यंत, पुढे मुलांपर्यंत चालत आला. म्हातारपणी कोण सुखी आणि धडधाकट राहतं, हे सांगायला पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा जवळच्या माणसांशी असलेली नाती जास्त कामाला आली, असं त्यातून निघालं. मी वहीत 'कोलेस्टेरॉल' खोडून 'ही' असं लिहिलं. तेवढ्यात आगीची घंटा झाली. कुणीतरी खालच्या मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जाळले होते. आम्ही सातजण हिरवळीवर कुडकुडत उभे राहिलो. ते गृहस्थ तिथेही थोडंसं सांगू लागले, म्हणून बाईंनी व्याख्यान संपल्याचंच जाहीर केलं. "घरी जा," त्या म्हणाल्या, "आणि हा वेळ आपल्या माणसाला द्या."

पावणेआठला मी घरासमोर गाडी लावली. आत दिवा होता, पडदा उघडा होता. ही माझ्या आरामखुर्चीत बसली होती आणि पाय टीपॉयवर होते. त्या टीपॉयवर पाय ठेवायला घरात कुणालाही परवानगी नाही. समोर टॅबलेटवर एक जुनं मराठी नाटक चाललेलं. मांडीवर एक डबा होता, त्यावर माझ्या अक्षरात 'मोहरी' लिहिलेलं रस्त्यावरूनही वाचता येत होतं. त्यातून ती बचकाभर चिवडा काढून खात होती. चिवडा गेल्या महिन्यातच संपला, असं मला सांगण्यात आलेलं आहे. मधेच ती एकटीच खदखदून हसली आणि तिने खुर्ची आणखी मागे टाकली.

मी गाडीचा दिवा बंद केला आणि गाडीतच बसून राहिलो. पावणेनऊला मुद्दाम किल्ली जरा वाजवत दार उघडलं. टीपॉय पुसलेला होता. ही सोफ्यावर ताठ बसून मासिक चाळत होती.

"आलात? आज काय शिकवलं?"

"नातेसंबंध."

"बरं झालं." तिने पान उलटलं. "पुढच्या बुधवारी आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

खरं तर सेमिस्टरचं ते शेवटचं व्याख्यान होतं. पण लायब्ररी बुधवारी रात्री नऊपर्यंत उघडी असते, एवढं मी गाडीत बसल्या बसल्या फोनवर बघून ठेवलं होतं.