विचारलं कोणाला, उत्तर देतंय कोण!

चार रविवार. चार अख्खे रविवार घातले मी त्या रास्पबेरी पायवर, म्हणजे तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर. आमच्या घरात कोण कुठली साइट उघडतं याची वही इंटरनेटवाल्याकडे कशाला, एवढंच डोक्यात होतं. म्हणून त्यावर अनबाउंड टाकलं, साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता स्वतः शोधणारं सॉफ्टवेअर. (या शोधालाच डीएनएस म्हणतात.) नाव शोधायचं तर थेट रूट सर्व्हरला, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीला विचारायचं, तिथून डॉट इनवाल्याला, तिथून त्या साइटच्या सर्व्हरला. मधे दलाल नको.

तर एकही साइट उघडेना! जिथे बघावं तिथे सर्व्हफेल, म्हणजे 'शोध फसला' असा एरर. बायकोची मीटिंग तुटली. हॉलमधून आई, "तुझं ते डबडं काढ आधी, मालिका अडकलीये!" आणि मी रात्री दोनपर्यंत कॉन्फिग फाइलमध्ये स्वतःचीच चूक शोधतोय.

शेवटी वैतागून १९२.०.२.१ ला प्रश्न टाकला. हा पत्ता फक्त कागदोपत्री उदाहरणं द्यायला राखून ठेवलाय, तिथे कुणाचा सर्व्हर नसतोच. आणि उत्तर हजर! अरे, रिकाम्या घराची बेल वाजवली आणि आतून "कोण?" असा आवाज आला, अशी गत.

म्हणजे पोर्ट ५३ वरून, डीएनएसच्या ठरलेल्या दारातून, काहीही बाहेर पडलं की हे इंटरनेटवाले वाटेत धरतात, स्वतःच्या सर्व्हरकडे वळवतात, आणि मी ज्याला विचारलं त्याच्याच नावाने उत्तर धाडतात. डीएनएससेकच्या, म्हणजे उत्तर अस्सल असल्याची खात्री देणाऱ्या डिजिटल सह्या जुळेनात, म्हणून अनबाउंड ती उत्तरं फेकून देत होतं. चोर त्यानेच पकडला आणि घरभर शिव्याही त्यानेच खाल्ल्या.

तक्रार केली. पोरगा आला, बोरिवलीच्या उन्हात गच्चीवर जाऊन वायर हलवून आला. "साहेब, यूट्यूब चालतंय ना? मग?" ओटीपी घेतला, तक्रार बंद. (त्याची काय चूक म्हणा.)

आता सगळं टीएलएसमध्ये, म्हणजे एन्क्रिप्शनच्या कुलपात गुंडाळून पोर्ट ८५३ ने परदेशी रिझॉल्व्हरला (पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला) पाठवतोय. म्हणजे वही याच्याकडे नको म्हणून त्याच्याकडे दिली! दलाल बदलला, बस. आणि कुणी शहाणपणा शिकवू नका, की रूट सर्व्हरला विचारलेलंही उघड्यावरच जातं, पुढे एसएनआयमध्ये, म्हणजे साइटशी जोडणी होतानाच्या पहिल्या निरोपात, साइटचं नाव बहुतेकदा दिसतंच. माहितीये मला! पण चोरून बघणं वेगळं आणि दुसऱ्याच्या नावाने उत्तर खपवणं वेगळं.

त्यात हे डबडंही गुणाचं. गणपतीला मेन स्विच पाडून कोकणात गेलो. दहा दिवसांनी परत येतो तर पुन्हा सगळं ठप्प. पायमध्ये बॅटरीवालं घड्याळ नाही, तो अजून निघायच्या दिवशीच अडकलेला, त्यामुळे आजच्या सह्या त्याला भविष्यातल्या वाटतात. वेळ लावायला टाइम सर्व्हर हवा, टाइम सर्व्हरचं नाव शोधायला डीएनएस हवं, आणि डीएनएसला आधी बरोबर वेळ हवी! बॅगा दारात तशाच, आणि मी मोबाइलमध्ये बघून हाताने तारीख टाईप करतोय. आई पंख्याखाली बसून, "झालं का रे?"