"आधी पैसा येऊ द्या, बाकीचं आपोआप येतं": मामांनी ग्रामसभेत वाचलेल्या मेसेजला उत्तर

हा मेसेज मला याआधी तीन ठिकाणांहून आला होता आणि तिन्ही वेळा मी तो सोडून दिला. या वेळी शेवटपर्यंत वाचावा लागला, कारण माझे मामा बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायत सदस्य आहेत आणि त्यांनी तो ग्रामसभेत उभं राहून वाचून दाखवला. आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा सेविकेने, एक साधा विषय मांडला होता: ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची, टोळ्या निघायच्या आधी, आरोग्याची नोंद करू. मेसेज वाचून झाला, दोन-चार माना हलल्या आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. भूतानने लोकांचं सुख मोजलं आणि तिथली पोरं देश सोडून निघाली. सुख मनात असतं, ते मोजता येत नाही. आरोग्याचे, पोषणाचे, पाण्याचे तक्ते भरून कुठल्याही गावात रुपया आलेला नाही. कारखाना आणा, रोजगार आणा, दरडोई उत्पन्न वाढलं की बाकीचं आपोआप येतं.

भूतानबद्दलचं निम्मं खरं आहे. तिथली शिकलेली मुलं मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला जाताहेत, कारण मनासारखं काम मिळत नाही. नुसतं मोजल्याने नोकऱ्या तयार होत नाहीत, हे मान्य. पण पोरं मोजणीमुळे गेली, हे मेसेजने आपल्या मनाने जोडलेलं आहे.

"सुख मोजता येत नाही" हे तर भूतान काय मोजतं ते न बघता लिहिलंय. तिथे "तुम्ही सुखी आहात का" एवढंच विचारून थांबत नाहीत. नऊ विषय आहेत, तेहेतीस निर्देशक आहेत. आरोग्य, शिक्षण, राहणीमान आणि माणसाचा दिवस कशात जातो, हे त्यात येतं. झोप किती तास मिळते, हा त्यातला एक निर्देशक. उसाच्या फडात पहाटे तीनला उठून कोप्यांपुढे, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांपुढे, चूल पेटवणारी, दिवसभर मोळ्या वाहणारी आणि रात्री गाडी भरायला पुन्हा उठणारी बाई डोळ्यांपुढे आणा आणि मग सांगा, झोपेचे तास मोजता येत नाहीत म्हणून.

आता "आपोआप". मी हे लिहायला बसले ती या एका शब्दासाठी.

मामा, ऊसतोडीत पैसा नाही असं कोण म्हणेल? कारखाने चालतात, ट्रॅक्टर घेतले जातात, मजूर पुरवणाऱ्या मुकादमांची घरं उभी राहतात. तुमच्या हिशोबाने बाकीचं आतापर्यंत यायला हवं होतं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. तेव्हा बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये देशभरचं प्रमाण होतं शंभरात तीनच्या आसपास.

कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली. एक दिवस पाळीमुळे, अंगावर जाण्यामुळे किंवा तापामुळे फडात उतरता आलं नाही की खाडा, म्हणजे पाचशे रुपये कापले. कोपीजवळ न्हाणी नाही, संडास नाही, कापड धुवायला पाणी नाही. मग इन्फेक्शन. मग डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.

मामींची पिशवी एकतिसाव्या वर्षी काढली. धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता. पस्तीस हजार लागले, तेही मुकादमाकडून उचलीत वाढवून घेतले आणि ते फेडायला त्या पुढच्याच हंगामात फडात उभ्या होत्या. पाठ तेव्हापासून गेली ती गेलीच. आज चाळिशीच्या आत त्यांना भरलेली घागर कमरेवर घेता येत नाही. पाच वर्षांपासून तुमचा कोयता अर्धा आहे, मामा. हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. तुम्ही वाचलेल्या मेसेजमध्ये या गोष्टीला जागाच नव्हती, म्हणून लिहिते.

उत्पन्नाच्या हिशोबात हे कसं दिसतं बघा. मामींनी तोडलेला ऊस जमेत. ऑपरेशनचे पस्तीस हजार, तेही जमेतच, कारण दवाखान्याचं उत्पन्न झालं. गेलेली पाठ कुठल्याच रकान्यात नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत ज्यांनी घडवली, त्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकेच्या संसदेला दिलेल्या अहवालात बजावलं होतं की या आकड्यावरून देशाचं भलं चाललंय की नाही, ते ठरवता येणार नाही. ज्याने मोजपट्टी बनवली तोच ती कुठे लावू नका हे सांगतोय.

मोजल्यावर काय होतं, तेही बीडमध्येच दिसलं. तो आकडा बाहेर आल्यावर जिल्ह्यात गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागेल, असा नियम झाला. आकडा नसता तर "बायकांच्या तक्रारी असतातच" एवढ्यावर सगळं मिटलं असतं, जसं आमच्या घरात मिटलं.

आणि राज्याचं बघायचं तर महाराष्ट्राची अर्थव्यवस्था देशात सगळ्यात मोठी. पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी उंची खुंटलेली मुलं २०१५-१६ मध्ये चौतीस, २०१९-२१ मध्ये पस्तीस. मधल्या काळात पैसा वाढला. मुलांची उंची नाही वाढली.

"कुठल्याही गावात रुपया आलेला नाही" हे वाचताना मामांना शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार कसं आठवलं नाही, मला कळत नाही. आपल्यासारखंच दुष्काळी गाव. तिथे पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी पिण्याचं, मग जनावरांचं आणि उरलं तर कोणतं पीक किती घ्यायचं, ते ठरतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. पाऊस कमी झाला की रब्बी कमी, सगळ्यांचीच. १९९५ मध्ये तिथे १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, ती पुढे तीनवर आली. दिवसाला दीडशे लिटर दूध निघायचं तिथे चार हजार लिटर निघू लागलं. कामासाठी गाव सोडून गेलेली कुटुंबं परत आली. हे नुसत्या वहीने झालं नाही. श्रमदान होतं, सरकारी योजनांचा पैसा होता, पोपटराव पवारांसारखा सरपंच होता. पण किती पाणी आहे हेच माहीत नसतं, तर कोणत्या पिकाला नाही म्हणायचं ते कशावरून ठरलं असतं?

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांना द्यावीच लागेल. तक्ते पुष्कळदा खोटे भरले जातात. केंद्र सरकारच्या पंचायत प्रगती निर्देशांकासाठी गावाची माहिती भरायची असते, तीसुद्धा नऊ विषयांची. आमच्या गावात ती एका दुपारी पंखा लावून खुर्चीत बसून भरली गेली, हे मी स्वतः पाहिलंय. मागच्या वर्षीचे आकडे थोडे वर-खाली केले, झालं. अशा मोजणीचा उपयोग शून्य. पण त्यावरचा उपाय ग्रामसभेच्याच हातात आहे. भरलेला तक्ता सभेत मोठ्याने वाचा. ज्या बाईच्या घरात नळ नाही, ती तिथेच उठून सांगेल.

आशाताई काही अहवाल मागत नव्हत्या. रक्त किती आहे, पाळीचा त्रास आहे का, पिशवीबद्दल कुणी डॉक्टर काही बोललाय का आणि फडावर जवळचा सरकारी दवाखाना कोणता, एवढंच त्यांच्या वहीत आहे. वही शंभर पानी आहे, त्यांनी स्वतःच्या पैशाने आणलेली. पहिल्या पानावर रकाने आखून तयार आहेत.

मामा, पुढची सभा दसऱ्याच्या आधी घ्या. दसऱ्यानंतर टोळ्या हलतील. आणि या वेळी मामींनाही सभेला घेऊन या.