ब्राह्मी घेताय? आधी तिने कुठलं पाणी प्यायलंय ते बघा

परीक्षा तोंडावर आली की इंदूरमध्ये भंवरकुआंच्या कोचिंगला जाणाऱ्या मुलांसाठी घरोघरी ब्राह्मी चूर्णाची पुडी येते. दहा-बारा दिवस घेतात, मग उरलेली पुडी कपाटात. हे पैसे वाया जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्राह्मीत गुण आहेच, पण आपण ती न ओळखता, कुठून आली ते न विचारता आणि फार उशिरा घेतो.

बाजारात ब्राह्मी मागितली की दोन वेगळ्या वनस्पतींपैकी कुठलीही हातात पडू शकते. ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी. जमिनीलगत पसरते, पानं जाडसर, गुळगुळीत, जवळपास बिनदेठाची, पेरावर समोरासमोर. फूल पांढरं किंवा फिकट जांभळं. दुसरी मंडूकपर्णी, तिला मात्र लांब देठ असतो आणि त्यावर गोलसर, दातेरी कडेचं पान. मंडूकपर्णी कमी दर्जाची मुळीच नाही, चरकाने सांगितलेल्या चार मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायनांत तिचा स्वरस (ताजा पिळलेला रस) आहे. पण स्मरणशक्तीवरच्या ज्या चाचण्यांचे दाखले जाहिरातींत देतात, त्या मुख्यतः बॅकोपाच्या अर्काच्या आहेत. चूर्ण झाल्यावर दोन्ही डोळ्यांना सारख्याच. म्हणून सियागंजच्या बाजारातून आणायचीच असेल तर दळलेली नको, सुकलेली अख्खी आणा.

त्याहून मोठी गोष्ट पाण्याची. ब्राह्मी दलदलीत वाढते आणि पाण्यातले शिसं, कॅडमियमसारखे जड धातू शोषून स्वतःत साठवते. कान्ह किंवा सरस्वती नदीच्या काठावर, नाल्याकडेला ती कितीही टवटवीत दिसली तरी तोडू नका. धुऊन माती जाते, आत शिरलेला धातू जात नाही.

त्यापेक्षा घरी लावा, सोपी आहे. पसरट, उथळ टब घ्या. माती आणि शेणखत मिसळून भरा. चार-पाच पेरांच्या काड्या आडव्या टाकून पेरं मातीत दाबा, पेरापेराला मुळं फुटतात. माती कायम ओली हवी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लू सुरू झाली की एक दुपार कोरडी गेली तरी कडेच्या काड्या करपतात, तेव्हा टब अर्ध्या सावलीत ठेवा आणि मातीवर बोटभर पाणी राहू द्या. त्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून ते दोन-तीन दिवसांनी बदला. कापताना बुडखा राखा, पुन्हा फुटते. सुकवायची तर सावलीत, पातळ पसरून. काडी रसाळ असते. ढीग घातला किंवा पावसाळ्यात सुकवायला घेतली तर काळी पडते, बुरशी धरते.

चूर्णाची मात्रा मोठ्या माणसाला दिवसाला 1 ते 3 ग्रॅम, जेवणानंतर दुधातून किंवा तुपातून. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ, पोटात कळ, जुलाब. बहुतेकांची ब्राह्मी इथेच सुटते. चाचण्यांमध्ये साधारण 300 मिलिग्रॅम अर्क रोज, 12 आठवडे दिला जातो आणि त्यानंतर दिसणारा फरकही माफक असतो. आठवड्यात पाठांतर वाढवणारं काही यात नाही.

घरी ब्राह्मी घृत करायचं तर 25 ग्रॅम कल्क (ब्राह्मी वाटून केलेला गोळा), 100 ग्रॅम गाईचं तूप आणि 400 मिलिलिटर स्वरस, मंद आचेवर. फेस बसला, कल्काची बोटांत वात वळली आणि ती वात जाळल्यावर तडतडली नाही, की उतरवा. तडतड म्हणजे पाणी शिल्लक, असं तूप लवकर बिघडतं. कल्क करपून कडक झाला तर पाक पुढे गेला, ते पोटात घेऊ नका. आणि डोक्याला चोळायच्या ब्राह्मी तेलाकडून स्मरणशक्तीची अपेक्षा धरू नका.

थायरॉइडची, झोपेची, फिटची किंवा नैराश्याची गोळी चालू असेल, नाडी मंद असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ब्राह्मी सुरू करू नका. लहान मुलांनाही मोठ्यांची मात्रा अर्धी करून अंदाजाने देऊ नका, वैद्यांकडून ठरवून घ्या. आणि ब्राह्मी घेतोय म्हणून मनाच्या आजाराची चालू गोळी तर कुणीच परस्पर बंद करू नये. घरात कुणी तसं करत असेल तर त्याला आजच थांबवा.