पापणी उतरली म्हणजे वारं गेले, असे नाही

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतो आहे. एका डोळ्याची पापणी उतरली आणि त्या बाजूचा घाम आटला, तर तोंडावरून वारं गेले असे समजावे, मान चोळून कडकन मोडून घ्यावी आणि दुखत नसेल तर दवाखान्याच्या फंदात पडू नये, असे त्यात म्हटले आहे.

वारं जाते तेव्हा चेहऱ्याची नस लुळी पडते. डोळा मिटत नाही, तोंड वाकडे होते. मजकुरातल्या त्रासात मात्र डोळा नीट मिटतो, पापणी जेमतेम एक-दोन मिलिमीटर उतरते आणि बाहुली बारीक होते. बाहुलीचा तर मजकुरात उल्लेखही नाही. खोलीतला दिवा मंद करून पाहावे: चांगल्या डोळ्याची बाहुली चटकन मोठी होते, दुसरी मागे रेंगाळते. स्विस नेत्रतज्ज्ञ योहान फ्रीडरिश हॉर्नर यांनी १८६९ मध्ये वर्णन केलेला हा लक्षणसमूह त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

त्यातला दोष सिम्पथेटिक मज्जातंतूंच्या, म्हणजे घाम, बाहुली अशा आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या नसांच्या, लांबलचक वाटेत असतो. ही वाट मेंदूतून मज्जारज्जूने छातीच्या पातळीपर्यंत उतरते, फुफ्फुसाच्या टोकावरून पुन्हा वर वळते आणि मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड रोहिणीला बिलगून डोळ्यापर्यंत पोहोचते. चेहऱ्याच्या घामाचे बहुतेक तंतू मानेतच वेगळे होतात; त्यामुळे दोष त्याच्या पुढे असेल तर घाम जवळजवळ पूर्ववत राहतो. घाम येतो म्हणून निश्चिंत राहणे, हेही म्हणूनच चूक.

मान मोडण्याचा सल्ला मात्र निव्वळ चुकीचा नाही, घातक आहे. कॅरोटिडच्या आतल्या अस्तराला चीर पडली, तरी नेमकी हीच लक्षणे दिसतात, आणि तेथे धरलेली गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. मानेत किंवा डोक्यात एकाएकी कळ येऊन पापणी उतरली, तर त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे.

दुखत नसले तरी तपासणी टळत नाही, आणि दुखत असले तरी त्याचा अर्थ नीट लावावा लागतो. आपल्याकडे खांदा दुखला की पोती उचलल्याचे निमित्त सांगितले जाते. पण विडी ओढणाऱ्याचा खांदा आणि करंगळीपर्यंतचा हात ठणकत असेल, त्यातच पापणीही उतरली असेल, तर फुफ्फुसाच्या टोकाशी गाठ आहे का, हे पाहायलाच हवे. प्रत्येक वेळी कारण इतके गंभीर निघते असे नाही. काहींना हा दोष जन्मापासून असतो आणि त्यांच्या त्या डोळ्याचा रंगही फिकट राहतो.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना एखादा जुना, समोरून काढलेला फोटो बरोबर न्यावा. पापणी आज उतरली की वर्षानुवर्षे तशीच होती, हे त्यावरून लगेच कळते.