हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

राजकारणात उतरायचं म्हणताय? मग आधी बँक बुडवा. एकीनं भागत नाही, तीन बुडवा. पूर्व युरोपातल्या मोल्दोव्यात २०१४ साली तीन बँकांतून सुमारे १०० कोटी डॉलर गेले, म्हणजे त्या चिमुकल्या देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा साधारण आठवा हिस्सा. खड्डा सरकारनं भरला, म्हणजे करदात्यांनी. याच प्रकरणात पुढे १५ वर्षांची शिक्षा झालेले इलान शोर (आडनाव खरंच शोर आहे, मी ठेवलेलं नाही) २०१५ मध्ये नजरकैदेत असतानाच ओर्हेई शहराचे महापौर म्हणून निवडून आले. तेव्हा चौकशीला भिऊ नका, प्रचाराचा खर्च वाचतो.

मग वाटत सुटा. शोरसाहेबांनी स्वस्ताईची दुकानं काढली, पोरांसाठी फुकट पाळण्यांची बाग उभारली. रुपया गेला कुठे हे कुणी विचारत नाही. हातावर पडलेले चार आणे मात्र जन्मभर लक्षात राहतात.

आता एखादा रुसलेला कोपरा शोधा. रुसवा तुम्हाला पेरावा लागत नाही, राजधानी ते काम चोख करते. मोल्दोव्याच्या दक्षिणेकडचे गागाऊझ लोक वंशानं तुर्की, धर्मानं ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि बाजारात बोलतात रशियन. १९९० मध्ये त्यांनी वेगळी चूल मांडली, १९९४ मध्ये स्वायत्तता घेऊन घरात परतले. त्यांचा प्रमुख, म्हणजे बाश्कान, कायद्यानं मंत्रिमंडळाचा सदस्य असतो. २०२३ मध्ये शोरच्या पक्षाच्या येवगेनिया गुत्सुल निवडून आल्या. आदल्या वर्षी त्यांना फारसं कुणी ओळखतही नव्हतं. राष्ट्राध्यक्ष माया सांदू यांनी त्यांच्या मंत्रिमंडळातल्या नेमणुकीवर सहीच केली नाही. कारण असेल रास्त, पण ‘राजधानी किशिनाव आपल्याला मोजत नाही’ हे गावागावांत पटवायला याहून चांगला प्रचारक पैसे मोजूनही मिळाला नसता!

पैसे मोजायचे ते मतदाराला. २०२४ मध्ये गागाऊझियातल्या पेन्शनरांना रशियन ‘मीर’ बँक कार्डावर महिना २००० लेई (तिथलं चलन) जाहीर झाले. मोल्दोव्यातल्या बँका ते कार्ड घेत नाहीत, पण आजीबाईंच्या बटव्यात ते शोभून दिसतं. ऑक्टोबरात युरोपीय संघात जाण्याच्या ध्येयावर सार्वमत झालं, तेव्हा देश ५०.३५ टक्क्यांनी कसाबसा ‘हो’ म्हणाला आणि गागाऊझिया सुमारे ९५ टक्क्यांनी ‘नाही’. सगळी मतं विकत घेतलेली होती असं समजू नका हं, बरीचशी फुकटच मिळाली. २०१४ च्या त्यांच्या प्रादेशिक सार्वमतातही हे लोक रशियाकडेच झुकले होते, तेव्हा कार्डबिर्ड नव्हतं.

एक मात्र जपा. पासपोर्ट उशाशी ठेवा आणि सही दुसऱ्याची घ्या. बेकायदा पक्षनिधीच्या प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये गुत्सुलबाईंना ७ वर्षांची शिक्षा झाली. शोरसाहेब मॉस्कोत सुखरूप. तिथूनच त्यांनी किशिनावच्या रस्त्यावर निदर्शनाला बसणाऱ्यांना महिना ३००० डॉलर देऊ केले.

जाणार असाल तर जा. फक्त रोख देणार की कार्डावर, ते आधी विचारून घ्या.