सातरस्त्याचा कट्टा आणि ८०४ जणांचं जेल

विषय निघाला दिन्याच्या खोकल्यावरून. खोकल्यावरून कोविड, कोविडवरून कस्तुरबा हॉस्पिटल आणि कस्तुरबावरून त्याच रस्त्यावरचं आर्थर रोड जेल. मुंबईच्या सातरस्त्याला गप्पा अशाच वळतात.

"लॉकडाऊनमध्ये आपण दूध आणायला बाहेर पडलो तर दांडका, आणि कैद्यांना पॅरोल!" ही बाळ्याची जुनी मळमळ.

सुहास वकील आहे, कोट अजून काखेतच होता. "तेव्हा जेलची क्षमता ८०४. आत माणसं अडीच हजारांच्या वर. तुझ्या खोलीत तीन बिऱ्हाडं घाल आणि मग अंतर पाळून दाखव."

"गुन्हा करताना कळत नव्हतं?"

"गुन्हा शाबीत कुठे झालाय? देशात चारातले तीन कैदी कच्चेच. सुप्रीम कोर्टाने २३ मार्च २०२० ला राज्यांना समित्या नेमायला सांगितलं. मे महिन्यात आपल्याकडच्या समितीने ३५ हजारांतले निम्मे तात्पुरते सोडायचं ठरवलं. तात्पुरते, बाळ्या."

"आणि परत न आलेले?"

"आहेत ना. २०२३ च्या मार्चमध्ये कोर्टाने पंधरा दिवसांत हजर व्हा म्हटलं, तरी सगळे आले नाहीत." सुहास कबूल करतो तेव्हा वाद जास्त रंगतो.

दिन्या मध्येच म्हणाला, "माझा मेव्हणा एका जेलात शिपाई. कैद्यांबरोबर तोही आत कोंडलेला, कित्येक दिवस घरी नाही. आर्थर रोडला दीडशेच्या वर कैदी पॉझिटिव्ह निघाले, त्यांच्याबरोबर २६ कर्मचारीही. त्यांनी कोणता दरोडा घातला होता?"

बाळ्या चहात पाव बुडवत बसला.

माझं दुखणं वेगळं होतं. समितीने चाळणी लावली ती कलमांची. वय, दमा, मधुमेह नंतर. यूएपीए, मकोका असा कडक कायदा लागला असेल तर नाव यादीबाहेर. तळोजा जेलमधले स्टॅन स्वामी, आदिवासींसाठी काम करणारे पाद्री, ८४ वर्षांचे, पार्किन्सनने हात थरथरणारे. ५ जुलै २०२१ ला हायकोर्टात त्यांच्या जामिनाचा विषय निघाला, तेव्हा ते वांद्र्याच्या हॉस्पिटलात वारल्याचं सांगावं लागलं.

"त्यांच्यावरचे आरोप काय साधे होते?" बाळ्या.

"नव्हते. म्हणून तर खटला चालवायचा होता. आता चालवा कोणावर?"

थोडा वेळ नुसत्या बसच ऐकू आल्या. मग सुहासला आठवलं, "परळची हाफकिन संस्था ज्याच्या नावाची, त्याने प्लेगची लस आधी स्वतःला टोचली, जानेवारी १८९७. मग भायखळ्याच्या जेलात, प्लेग शिरला होता तिथे, तयार झालेल्या कैद्यांना. आणि २०२१ मध्ये आधार कार्ड नाही म्हणून कैद्यांची लस अडली. मे महिन्यात केंद्राला वेगळा नियम काढावा लागला."

"म्हणजे तेव्हा कैद्यांना आधी आणि आता कार्ड दाखव?" बाळ्या पहिल्यांदा हसला. "बरं, पटलं. अर्धं."

"आणि उरलेलं अर्धं?"

"तो दांडका पाठीवर बसला होता रे. दुधाची पिशवीही फुटली."

चहाचे पैसे दिन्याने दिले, खोकत खोकत.