सापडला रे भो!

शाळासोबत्यांबरोबर गोल्फ खेळायला जायचं म्हटलं की दरवर्षी तेच! जळगावहून पहाटे ५ ला निघायचं ठरतं, आणि साडेसातला हे पठ्ठे अजून कळण्याची भाकरी न् ठेचा बांधून घेतायत. नाशिकला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. मग पहिलाच फटका झुडपात. २०१९ पासून चेंडू शोधायला ५ नाही, ३ मिनिटंच मिळतात, हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगतो. आमचा शाळासोबती पंधरा मिनिटं गवत उचकतो, खिशातून हळूच दुसरा चेंडू सोडतो आणि ओरडतो, 'सापडला रे भो!' अरे, हरवला पांढरा, सापडला पिवळा? वर कार्डावर ७ फटक्यांचे ५. बोललं की, 'तू काय पंच लागून गेलास का?' आणि पुढच्या वर्षीचं बुकिंग? तेही मीच करायचं!